शेक, करंट, शॉक

मावशीच्या उजव्या गुडघ्याभोवती चार काळ्या रबरी चकत्या, त्यांच्याखाली ओले स्पंज, वरून पट्टे आवळलेले. फिजिओथेरपीवाली मुलगी मशीनचं बटण हळूहळू फिरवत विचारते, ‘अक्कारी, करंट बराकत्तैतेन्री?’ करंट येतोय का? मावशी डोळे मिटून म्हणते, ‘बंतु, बंतु. अजून थोडा वाढव.’ धारवाडच्या मराठी घरातली बाई अशीच बोलते. कुठं कानडी संपलं आणि कुठं मराठी सुरू झालं, हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही.

वीस मिनिटं मुंग्या आल्यासारखा तो करंट चालतो. मग गार जेल लावून अल्ट्रासाऊंडचा दांडा गुडघ्यावर गोल गोल फिरवतात. शेवटी व्यायामाचा एक छापील कागद हातात मिळतो. तो पर्समध्ये जातो आणि तिथंच राहतो. असे दहा दिवस सांगितले होते. सकाळी धारवाडहून ‘चिगरी’ बस पकडायची, हुबळीत विद्यानगरला उतरायचं, करंट घ्यायचा आणि परत. सोबतीला मी.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका घरावर संकट आलं. त्यांची सून बाळंत होऊन दोन महिने झाले होते. आधी ती बोलायची थांबली, मग जेवायची, मग पाण्याचा घोटही घेईना. एका जागी, एका कुशीवर, तासन्तास. धारवाडातल्या डॉक्टरांनी तपासून ईसीटी सुचवली, म्हणजे लोकांच्या भाषेत शॉक. घरात रडारड सुरू झाली. मावशी मला हळूच म्हणाली, ‘शॉक? नको रे बाबा. माणसाला असं कुणी विजेला जोडतं का?’ हे ती म्हणत होती तेव्हा तिचा स्वतःचा गुडघा मशीनला जोडलेला होता.

मला हसू आलं, पण विचारात पडलो. विजेच्या उपचारांसाठी आपल्याकडं तीन शब्द आहेत. शेक घेतात, करंट लावतात आणि शॉक देतात. क्रियापदंच बघा. पहिल्या दोघांत रोगी राजीखुशीनं बसलेला दिसतो, तिसऱ्यात त्याला कुणीतरी धरलेलं असतं. आणि शॉक हा शब्द धारवाडात जरा जास्तच जड आहे. मराठी वाचकाला धारवाड म्हटलं की पेढा आठवतो, जी. ए. कुलकर्णी आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. पण या मुलखात भांडताना कुणी ‘ह्याला धारवाडला न्या’ म्हणालं, तर ते पेढ्यासाठी नसतं. पुण्याकडं येरवडा आणि मुंबईकडं ठाणं जे काम करतं, ते इकडं धारवाड करतं. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा, १८४५ मध्ये, इंग्रजांनी इथं वेड्यांचं इस्पितळ काढलं. तेच आज बेळगाव रस्त्यावर ‘डिमहॅन्स’ म्हणून उभं आहे. बंगळूरच्या निम्हान्सच्या धर्तीवर त्याची संस्था झाली, तिथं शिकवतात, संशोधन होतं. लोकांच्या तोंडचं ‘धारवाड’ मात्र बदललेलं नाही.

इस्पितळ निघालं तेव्हा विजेचा झटका हा उपचार जन्मायला अजून त्र्याण्णव वर्षं होती. विजेनं उपचार करण्याचा नाद मात्र तेव्हाही जुनाच होता.

किती जुना? रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की डोकं दुखत असेल तर जिवंत विद्युत-मासा कपाळावर ठेवा. संधिवातासाठी तोच मासा पायाखाली घ्यायचा, पाय बधिर होईपर्यंत. त्याला वीज म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मासा हातात धरला की हात बधिर होतो एवढं ठाऊक होतं, आणि उपचाराला तेवढं पुरलं.

१७४५-४६ च्या सुमाराला लायडन बरणी आली. आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, आपल्या लोणच्याच्या बरणीची चुलत बहीण म्हणा. तिच्यात घर्षणानं तयार केलेली वीज साठवून ठेवता यायची. साठवता आली म्हणजे नेता आली, नेता आली म्हणजे माणसाला देता आली. थोड्याच वर्षांत युरोपभर लकवा, बहिरेपण, दातदुखी, सगळ्यावर वीज सुरू झाली.

फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनचं नाव विजेमुळं इतकं गाजलं होतं की आजूबाजूच्या गावांतून लकवा झालेले लोक त्याच्या घरी येऊ लागले. त्यानं मोठ्या बरण्या भरून लुळ्या हातापायांना दिवसातून तीनदा झटके दिले. पहिल्या दिवशी अंगात ऊब यायची, रात्री टोचल्यासारखं व्हायचं, हात थोडा वर जायचा. रोगी खूश. पाचव्या दिवसानंतर मात्र सुधारणा थांबायची, माणूस हिरमुसून घरी जायचा आणि थोड्याच दिवसांत होता तसा व्हायचा. १७५७ मध्ये जॉन प्रिंगल या डॉक्टरला पाठवलेल्या पत्रात फ्रँकलिननं हे सगळं प्रांजळपणे कळवलं. त्यात त्यानं एक शंका काढली, ती मला त्याच्या पतंगाच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. सुरुवातीला जे बरं वाटतं त्यात विजेचा वाटा किती, आणि रोज माझ्या घरापर्यंत येण्याच्या व्यायामाचा व बरं होण्याच्या उमेदीचा किती?

हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर मावशी आली. एरवी ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत नाही. या दहा दिवसांत रोज स्टॉपपर्यंत चालणं, पायऱ्या चढणं, उतरणं, शिवाय बसमध्ये शेजारच्या बाईशी गुडघ्यावर सविस्तर चर्चा. गुडघा सुधारला, पण श्रेय कुणाला द्यायचं? चिगरीला की करंटला?

फ्रँकलिनची शंका पुढच्यांनी फारशी मनावर घेतली नाही. इटलीत बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीनं बेडकाच्या पायाला धातू लावून तो उडवून दाखवला, १७९१ मध्ये त्यावर प्रबंध छापला. व्होल्टानं त्याच्याशी वाद घालता घालता १८०० मध्ये पहिली बॅटरी जगासमोर ठेवली. त्यानंतर वीज झटक्याझटक्यानं देण्याऐवजी सलग वाहवता येऊ लागली. गॅल्व्हानीचा भाचा आल्दिनी याला तमाशाचं अंग होतं. १८०३ च्या जानेवारीत त्यानं लंडनमध्ये नुकत्याच फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला तारा लावल्या. जबडा हलला, एक डोळा उघडला, मूठ वर आली. मेरी शेलीचा फ्रँकेन्स्टाइन १८१८ चा, आणि तो कुठल्या हवेत जन्मला हे यावरून कळतं. पण याच आल्दिनीनं त्याआधी, १८०१ मध्ये, एक गोष्ट केली होती जिची आठवण फार कमी जण काढतात. लुइजी लांझारिनी नावाचा सत्तावीस वर्षांचा शेतकरी खोल विषण्णतेत बुडाला होता. आल्दिनीनं त्याच्या डोक्याला बॅटरीच्या तारा लावल्या. आधी त्यानं तो प्रयोग स्वतःच्या डोक्यावर करून पाहिला होता, हे विशेष. शेतकरी सुधारला.

सुधारला हे खरं, पण विजेमुळं का? ते शोधायची रीत याच सुमाराला एका भोंदू उपचारातून सापडली.

अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा डॉक्टर एलिशा पर्किन्स यानं १७९६ मध्ये धातूच्या दोन छोट्या सळयांचं पेटंट घेतलं. एक पितळेसारखी पिवळी, एक पोलादासारखी पांढरी. दुखऱ्या भागावरून ओढल्या की रोगाची ‘वीज’ खेचून बाहेर काढतात, हा दावा. इंग्लंडात त्यांचा बोलबाला झाला. बाथ शहरातल्या जॉन हेगार्थ या डॉक्टरानं १७९९ मध्ये अगदी तशाच दिसणाऱ्या लाकडी सळया करवून घेतल्या, वरून रंग दिला आणि जुनाट संधिवाताच्या पाच रोग्यांवरून फिरवल्या. पाचांतल्या चौघांना लगेच आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या सळया फिरवल्या, तेव्हाही तेवढाच. विजेचा धागाही नसलेल्या लाकडानं विजेचं सगळं काम करून दाखवलं होतं. रोगी खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच बरं वाटत होतं, आणि गोम तिथंच आहे. उपचार तपासायचा असेल तर शेजारी एक लाकडी सळई ठेवावी लागते.

एकोणिसाव्या शतकानं ती बहुतेक वेळा ठेवलीच नाही. फॅराडेच्या १८३१ च्या शोधातून निघालेल्या विद्युत-वेटोळ्याच्या आधारानं फ्रान्सच्या द्युशेननं मात्र शिस्तीत काम केलं. चेहऱ्याच्या कुठल्या बिंदूवर तार टेकली की कुठला स्नायू आवळतो, हे त्यानं एकेक करून शोधलं, फोटो काढले, १८६२ मध्ये पुस्तक केलं. तोंड वाकडं झालेल्या माणसाच्या गालावर आजचा फिजिओथेरपिस्ट पेनासारखं टोक नेमक्या जागी टेकवतो, ती परंपरा द्युशेनची. बाकी बाजार होता. कमरेला बांधायचे विजेचे पट्टे, गळ्यात घालायच्या साखळ्या. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’तला औषधवालादेखील अशा साखळ्यांच्या नादी लागलेला आहे. इटलीच्या काउंट मात्तेईनं तर कमालच केली. त्यानं बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवालाच लाल वीज, हिरवी वीज अशी नावं दिली. त्याच्या इलेक्ट्रोहोमिओपॅथीच्या पाट्या आपल्याकडं अजून दिसतात. तारेचा त्यात संबंध नाही.

विजेच्या उपचारांतली सगळ्यात निर्विवाद गोष्ट मात्र लाईट गेल्यामुळं घडली, तीही जुळ्या शहरांत. हुबळी-धारवाडला आपण जुळी शहरं म्हणतो, तशी अमेरिकेत मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल. तिथले सर्जन वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयाला असलेली भोकं शिवत. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांच्या हृदयाचा ठेका तुटायचा, मग बाहेरच्या पेसमेकरनं तो चालू ठेवावा लागे. हा पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचा. मूल हलवायचं तर वायर लांबवत न्यायची. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहरातली वीज गेली. त्यात एक मूल दगावलं, असं अर्ल बेकन यानं पुढं सांगितलंय. बेकन हा इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणारा, गॅरेजमध्ये धंदा थाटलेला माणूस. लिलेहायनं त्याला म्हटलं, बॅटरीवर चालेल असं काही कर. बेकननं एका छंदी लोकांच्या मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं, म्हणजे गाण्याचा ताल ठोकणाऱ्या यंत्राचं, सर्किट घेतलं आणि चारेक आठवड्यांत हाताएवढी डबी बनवली. कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी बेकन वॉर्डात गेला तर डबी एका मुलाच्या छातीला जोडलेली. लहानपणी पाहिलेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटानं आपल्याला विजेचं वेड लावलं, असं तो सांगे. पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ ला, स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. लार्सन २००१ पर्यंत जगले. तोवर त्यांना दोन डझनांहून जास्त पेसमेकर लागले. इथं लाकडी सळईची गरज पडली नाही. हृदय ठोका देत होतं किंवा देत नव्हतं, मधलं काही नव्हतंच.

मनाच्या आजारात मधलं खूप असतं. म्हणून शॉकची गोष्ट अवघड.

ती सुरू झाली एका चुकीच्या कल्पनेनं. बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना याला वाटलं की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत, फिट आली की वेड पळेल. १९३४ मध्ये त्यानं कापूर तेलात कालवून टोचला आणि मुद्दाम फिट आणली. दोन्ही आजारांचं असं वैर नाही हे नंतर कळलं, पण काही रोगी खरंच सुधारले. सुईनंतर फिट येईपर्यंतचा वेळ रोग्यांना मरणाच्या भीतीचा वाटे. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांना वाटलं, वीज जास्त झटपट. पण डोक्याला वीज दिली तर माणूस मरणार नाही कशावरून? चेर्लेत्ती रोमच्या कत्तलखान्यात गेला. तिथं डुकरांच्या कानशिलाला विजेचे चिमटे लावत. डुकरं विजेनं मरत नव्हती. त्यांना फिट यायची, मग सुरी फिरायची. त्याला आकडे मिळाले. एप्रिल १९३८ मध्ये रेल्वे स्टेशनवर भरकटताना सापडलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या एका माणसाला पहिला झटका दिला. तो कमी पडला. चेर्लेत्तीनं नंतर सांगितलेल्या हकिकतीप्रमाणं त्या माणसानं पुन्हा नको म्हणून स्पष्ट बजावलं, आणि तरी दुसरा दिला गेला. माणूस सुधारला. पण या उपचाराला संमतीचा डाग पहिल्याच दिवशी लागला, आणि मला वाटतं, आज आपल्याला जी भीती वाटते तिचं मूळ विजेपेक्षा या डागात आहे.

चाळीसच्या दशकात शॉक भारतात आला. भूल नाही, स्नायू सैल करणारं औषध नाही. चार जणांनी खांदे-मांड्या दाबून धरायच्या. फिटच्या जोरानं कधी मणक्याला चीर जायची. भूल देऊन करायची पद्धत जगात पन्नाशीच्या दशकात रुळली, आपल्याकडं भूलतज्ज्ञांच्या टंचाईमुळं तसाच ‘थेट’ शॉक अनेक ठिकाणी पुढंही चालू राहिला. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले, त्यानंतर मनोरुग्णांच्या हालांकडं कोर्टाचं लक्ष गेलं. ‘सार्थक’ या संस्थेनं थेट शॉकवर बंदी मागितली. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांचा तर या उपचारालाच विरोध होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल आणि स्नायू-शिथिलक यांच्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली. अल्पवयीनांना ती कायद्यानं नेमलेल्या मंडळाच्या परवानगीशिवाय देता येत नाही. तातडीचा उपचार म्हणून तर देताच येत नाही.

मग आज ती खोली कशी असते? रोगी उपाशीपोटी येतो. हातात सलाईन. एका घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधतात आणि फुगवतात. हा पट्टा म्हणजे माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती. भूल देतात, मग स्नायू सैल करणारं औषध, पण पट्ट्यामुळं ते त्या एका पावलात पोचत नाही. तोंडात रबरी तुकडा, ऑक्सिजन चालू. कपाळाला चकत्या. विजेच्या बारीक कंपनांची मालिका काही सेकंदच चालते. सगळी मिळून ऊर्जा साधारण साठ वॅटचा बल्ब एक-दोन सेकंद जळेल एवढी. अंग निपचित पडलेलं असतं. फक्त त्या एका पावलाची बोटं थरथरतात. डॉक्टर घड्याळ लावून तीच मोजत असतात, पाऊण मिनिटभर. सिनेमात दाखवतात तो किंकाळीचा प्रसंग एवढ्याशा अंगठ्यात मावलेला असतो.

आणि इथं लाकडी सळई लावून पाहिली गेली आहे. १९८० मध्ये इंग्लंडात नॉर्थविक पार्कला आणि १९८४ मध्ये लेस्टरला रोग्यांच्या एका गटाला भूल, पट्टा, चकत्या सगळं दिलं, वीज दिलीच नाही. विजेशिवायही बरेच सुधारले, हेगार्थचं भूत तिथंही होतं. पण वीज मिळालेले जास्त सुधारले, आणि जे सगळ्यात खोल बुडाले होते त्यांच्यात फरक जास्त होता. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये अशा चाचण्यांचा एकत्र आढावा आला, त्याचाही कौल ईसीटीच्या बाजूनं. फायदा कायम टिकेलच असं नाही, औषधं पुढं चालू ठेवावी लागतात.

उलट मावशीचं मशीन बघा. त्यामागं तर्क चांगला आहे. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेचं एक फाटक असतं, आणि त्वचेच्या इतर संवेदनांची गर्दी झाली की ते निम्मंशिम्मं मिटतं. लागलं की आपण चोळतो, ते यासाठीच. मुंग्या आणणारा करंट त्याच फाटकावर गर्दी करतो. पण गुडघ्याच्या झिजेवरच्या चाचण्या तपासून ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं की टेन्स आणि इंटरफेरेन्शियल हे करंट किंवा अल्ट्रासाऊंड, यांपैकी काही देऊ नका. द्यायचं ते व्यायामाचं. म्हणजे मावशीच्या पर्समधला तो कागद.

ओळखीच्या घरातली सून सहाव्या ईसीटीनंतर बोलली. आधी पाणी मागितलं, मग बाळ. नऊ झाल्यावर थांबवलं. आता ती घरात हिंडते, बाळाला पाजते, सासूशी वादही घालते. पण बाळाचं बारसं तिला आठवत नाही. फोटोत ती हिरव्या इरकलीत पाळण्याशेजारी उभी आहे, आणि ती तो फोटो दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघते. डॉक्टरांनी हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं, घरच्यांनी त्या घाईत ते ऐकलं नव्हतं. ‘नाव मी ठेवलं की आत्यानं?’ असं तिनं मावशीला विचारलं, तेव्हा मावशीला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाली, ‘तूच सुचवलंस, आत्यानं कानात सांगितलं.’

मावशीच्या उपचाराच्या नवव्या दिवसाची गोष्ट राहिली. त्या दिवशी करंट संपला, दांडा सुरू झाला. ती मुलगी बहिणीच्या लग्नाच्या खरेदीचं सांगत होती, इरकल घ्यावी की कांजीवरम. तेवढ्यात लाईट गेली. पंखा इन्व्हर्टरवर होता, तो फिरतच राहिला. मशीन साध्या प्लगवर होतं. त्याचा हिरवा पडदा काळा झाला. मुलीची पाठ मशीनकडं, हात गुडघ्यावर, गप्पा रंगलेल्या. दांडा गोल गोल फिरत राहिला.

‘हां,’ मावशी डोळे मिटून म्हणाली, ‘आत्ता बघ कसं आत लागतंय.’

मी पडद्याकडं पाहिलं आणि गप्प बसलो.